कलमावरून पडलेला भाऊ घरी येतोय: चालण्याआधीची कामं

प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ, वय २६. एप्रिलच्या अखेरीस आंबा काढताना कलमावरून पडला. डी-१२ मणका (छातीमागच्या मणक्यांतला शेवटचा) फुटला, रॉड आणि स्क्रू घालून ऑपरेशन झालं. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. डॉक्टर 'कम्प्लीट' म्हणतात. लघवीला नळी आहे. तीन आठवडे झाले, येत्या आठ-दहा दिवसांत डिस्चार्ज. आईवडील रत्नागिरी जिल्ह्यात गावी, विचारणारी बहीण विरारला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याला कुठे न्यावं, माणूस ठेवावा का, गावाकडचे एक मालीशवाले 'पाय उठवून देतो' म्हणतात त्यांना बोलवावं का, आणि तो चालेल कधी?

ताई, उत्तर लांबणार आहे. पण एका कामाला मुदत आहे, म्हणून ते आधी सांगतो. बाग तुमच्या नावावर आहे, सातबारा आहे, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेला अपघात येतो. खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एका माणसालाही ती लागू आहे. अर्ज अपघातापासून ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जायला हवा. म्हणजे तुमच्याकडे आठवडाच उरलाय. वडिलांना उद्याच पाठवा. सातबारा, हॉस्पिटलचे कागद आणि पोलीस पाटलांचा अहवाल किंवा पंचनामा बरोबर द्या. निकषात किती बसतं ते नंतर ठरेल, अर्ज मुदतीत पडू दे.

आता चालण्याचं बोलू, कारण त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. 'कम्प्लीट' म्हणजे गुदद्वाराभोवतीची संवेदना आणि तिथला स्नायू आवळण्याची ताकदही तपासणीत सापडली नाही. ही तपासणी एकदा करून संपत नाही. दुखापतीनंतर काही आठवडे मज्जारज्जू बधिर अवस्थेत असतो, त्यामुळे ती पुन्हा करायला सांगा. त्यात थोडी जरी संवेदना परत आलेली दिसली तर चित्र बरंच बदलतं. जी सुधारणा व्हायची त्यातली बरीचशी पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होते, पुढेही थोडी होत राहते. पण कम्प्लीटच राहिलं, तर बहुतेकांना रोजच्या कामासाठी व्हीलचेअरच लागते. डी-१२च्या पातळीला कॅलिपर (पायांना बांधायचे आधार) आणि कुबड्या घेऊन उभं राहता येतं, काही पावलं चालताही येतं. मात्र त्यात इतकी दमछाक होते की हात चांगले असलेली तरुण मुलंसुद्धा कॅलिपर व्यायामापुरते ठेवतात आणि बाजारात खुर्चीवरून जातात. पायाचा अंगठा आपोआप झटका देऊन हलला तर लगेच पेढे वाटू नका, तो बहुतेक वेळा नुसता स्पॅझम असतो. सांगितल्यावर हलला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

या आशेवर दुकानं चालतात, म्हणून हेही आत्ताच सांगतो. कोणीतरी तुम्हाला स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचा पत्ता देणार. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हे अजून संशोधन आहे, आणि संशोधनाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. त्यासाठी कलमं गहाण टाकू नका. तेच पैसे चांगली खुर्ची, चांगली उशी आणि न्हाणीघर यांत घाला. एवढ्यात तिन्ही होतील आणि बरेच उरतील.

मालीशवाल्यांना नको. हे ठामपणे लिहितोय. या काळात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, आणि ती चोळून सुटली तर फुफ्फुसात जाते. एक पोटरी अचानक सुजली, गरम लागली तर तिला हातही न लावता हॉस्पिटल गाठायचं. दुसरं असं, की न वापरलेली हाडं महिन्यांत ठिसूळ होतात. जोरात मांडी वाकवताना ती मोडू शकते, आणि त्याला दुखत नसल्यामुळे दोन दिवस कुणाला कळतही नाही. सांधे मोकळे ठेवायला फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या सावकाश हालचाली पुरतात. घोट्याची तेवढी चुकवू नका. पाऊल खाली पडून आखडलं, तर पुढे कॅलिपर सोडा, खुर्चीच्या पायटेकावरसुद्धा ते नीट बसत नाही.

मग महत्त्वाचं काय? इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला १९४४ साली लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग काढला. त्याआधी असे बहुतेक रुग्ण एक-दोन वर्षांत दगावत. पाय लुळे झाल्याने कोणी मरत नव्हतं. मरत होते ते लघवीच्या संसर्गाने आणि बेडसोरने, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमांनी. गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली, मूत्राशयाकडे लक्ष दिलं आणि माणसं जगायला लागली. आज औषधं खूप सुधारली, तरी कोकणातल्या घरात पहिल्या वर्षी जो घात होतो तो याच दोन वाटांनी. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: लघवी, शौच, कातडी आणि खाटेवरून खुर्चीवर जाणं या गोष्टी भावाच्या स्वतःच्या हातात याव्यात. तुमच्या नाही, आईच्याही नाही. त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत. डी-१२च्या माणसाला या चारही गोष्टी स्वतः करता येतात. फक्त त्या कोणीतरी शिकवाव्या लागतात, आणि घरच्यांनी त्या त्याला करू द्याव्या लागतात.

शिकवण्याचं आधी. जमत असेल तर हॉस्पिटलमधून थेट गावी नेऊ नका. मध्ये काही आठवडे पुनर्वसन केंद्रात काढा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तुम्ही विरारला आहात, तेव्हा डिस्चार्जआधी कागद घेऊन तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन या आणि दाखल करून घेण्याबद्दल विचारा. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सर्वांना माहीत असतं, पण ते जखमी जवानांसाठी आहे. जागा मिळाली नाही तर निदान डिस्चार्जआधीचे हे आठ-दहा दिवस वाया घालवू नका. वॉर्डातल्या सिस्टर आणि थेरपिस्टना सांगा, "आमच्यासमोर करू नका, त्याच्याकडून करून घ्या."

लघवीबद्दल. कायमची नळी सोयीची वाटते, पण महिनोन्महिने ठेवली की जंतू, खडे आणि मूत्रमार्गाच्या जखमा होतात. शल्यविशारद आणि युरोलॉजिस्ट हो म्हणाले की स्वच्छ नळी-पद्धत शिकून घ्यायची. दर चार-सहा तासांनी स्वतः बारीक नळी घालायची, मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं, नळी काढायची. मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की याला ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, मूत्राशय वेळेवर रिकामं होणं जास्त मोलाचं. मापाचं भांडं ठेवा. एका वेळी ५०० मिलीच्या वर वारंवार निघत असेल तर वेळा वाढवा किंवा संध्याकाळनंतरचं पाणी कमी करा. दिवसाचं पाणी दीड ते दोन लिटर, थोडं थोडं वाटून. उसाचा रस, कोकम सरबत हेही त्यात मोजा. पोट दाबून लघवी काढायची सवय लावू नका, दाब उलटा मूत्रपिंडावर जातो. लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले, पण ताप नाही, थंडी नाही, लघवी गढूळ होऊन गळत नाही, तर लगेच अँटिबायोटिक घेऊ नका. गावच्या दवाखान्यात हमखास देतात, तेव्हा आधी विचारा. हुडहुडी भरून ताप आला तर मात्र थांबू नका. आणि सगळं ठीक वाटत असलं तरी दर वर्षी मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी करायचीच. मूत्रपिंड बिघडताना आवाज करत नाही.

शौचाचं तेवढंच, पण त्यावर कुणी बोलत नाही. रोज किंवा दिवसाआड एकच ठरलेली वेळ, चहा-न्याहारीनंतर अर्ध्या तासाने, कारण तेव्हा आतडी हलतात. डी-१२ मणक्याच्या आत मज्जारज्जूचा जो भाग येतो तिथून खालच्या नसा निघतात, त्यामुळे काहींचं गुदद्वार सैल राहतं तर काहींचं आवळलेलं. सैल असेल तर हातमोजा घालून बोटाने मल काढावा लागतो. आवळलेलं असेल तर सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि बोट फिरवून उत्तेजन देणं चालतं. तुमच्या भावाचं कोणतं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या, कारण एकाची पद्धत दुसऱ्याला चालत नाही. सव्वीस वर्षांच्या मुलाला हे आईने करावं लागणं किती जड जातं, ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय. तो जेवण कमी करतो, पाणी कमी पितो, कारण मग 'ते' कमी लागतं. म्हणून हे काम सगळ्यात आधी त्याच्या हातात द्या.

कातडी. माकडहाड, बैठकीची दोन हाडं, खुबे, टाचा, घोटे. खाटेवर दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा. सुरुवातीला मोबाइलचा गजर लावा. खुर्चीवर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून छाती मांड्यांकडे न्यायची आणि तसंच मिनिट-दोन मिनिटं राहायचं. नुसतं हातांवर उचलून लगेच बसलं तर रक्त परत पोहोचत नाही. मात्र पाठीला ब्रेस (आधाराचा पट्टा) आहे तोवर किती वाकायचं ते शल्यविशारद सांगतील. रोज सकाळ-संध्याकाळ आरशात पाहायचं. आजकालची मुलं मोबाइलने फोटो काढून बघतात, ते आरशापेक्षा सोपं आहे आणि कालचा-आजचा फरकही कळतो. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे, त्या बाजूवर अजिबात भार नको. दाबूनही लालच राहिला तर इजा सुरू झाली आहे, डाग जाईपर्यंत त्यावर बसणं-झोपणं बंद आणि डॉक्टरांना दाखवा. डागावर तेल चोळायचं नाही. मधे भोक असलेली हवेची रिंग देतात ती घेऊ नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा तुटतो.

गावाकडची म्हणून काही खास सांगतो. हवा भरणारी गादी विजेच्या पंपावर चालते आणि तुमच्याकडे वादळात वीज दोन-दोन दिवस जाते, त्यामुळे तिच्यावर विसंबून कूस बदलणं सोडू नका, खाली जाड फोम असू दे. मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. डासांपेक्षा उंदरांसाठी. बधिर पायाला उंदीर कुरतडतो आणि सकाळपर्यंत कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, मांडीवरचा चहाचा कप, उन्हात तापलेली जांभ्याची पायरी, चुलीजवळची बैठक, मोटरसायकलचा सायलेन्सर: यातलं काहीही त्याला भाजलेलं जाणवणार नाही. आंघोळीचं पाणी हाताने तपासून मगच घ्यायचं.

कुठे न्यावं? गावी. विरारच्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय तो महिन्यातून दोनदा चार माणसांच्या हातांवर खाली उतरेल, तेही हॉस्पिटलला. गावचं घर जमिनीवर आहे. जोतं अडीच फूट उंच असेल तर उताराचं गणित ऐकून घाबरू नका: एक इंच चढायला एक फूट लांबी, म्हणजे तीस फुटांचा रॅम्प. पुढच्या अंगणात तो बहुधा बसणार नाही. पण कोकणातली घरं उतारावर असतात, तेव्हा पुढून अडीच फूट असलेलं जोतं मागच्या किंवा बाजूच्या दाराशी कितीदा तरी सहा-आठ इंचच निघतं. वडिलांना टेप घेऊन घराभोवती फिरायला सांगा. येण्याजाण्याचं दार तेच करा. मोठा माणूस पुढच्या दारानेच आला पाहिजे, हा हट्ट या वर्षी नको. रॅम्पला खरखरीत सिमेंट, दोन्ही बाजूंना कडा, आणि पावसाळ्यात शेवाळ खरवडायचं काम कुणाचं हे आत्ताच ठरवा. दाराची मोकळी रुंदी ३२ इंच तरी हवी. उंबरा काढायला आईचं मन तयार होणार नाही, काढूही नका. दोन्ही बाजूंना लाकडाच्या उतरत्या पाचरी बसवल्या की खुर्ची त्यावरून जाते.

परसातला संडास आणि न्हाणी विसरा. जून तोंडावर आहे. पडवीचा एक कोपरा बंद करून आत साधारण पाच बाय सात फुटांचं न्हाणीघर करा. दाराऐवजी पडदा किंवा सरकतं दार, फरशी गुळगुळीत नको. कमोड नसला तरी चालेल, चाकांची भोकाची खुर्ची भारतीय भांड्यावर ढकलता येते. मात्र तिच्या बैठकीला मऊ पॅडिंग हवंच, उघड्या प्लास्टिकवर अर्धा तास बसणं म्हणजे जखमेला आमंत्रण. खाटेची उंची गादीसकट खुर्चीच्या बैठकीएवढी करा, साधारण १९-२० इंच. ठेंगण्या पलंगाला सुतार ठोकळे लावून देईल. त्याच सुताराकडून दोन फूट लांब, नऊ इंच रुंद, कडा घासून गोल केलेली गुळगुळीत फळी करून घ्या. तिच्यावरून सरकत खाटेवरून खुर्चीवर जायचं: ब्रेक लावायचे, खुर्चीचा जवळचा हात काढायचा, पाय नीट ठेवायचे, पुढे झुकायचं आणि मग सरकायचं. पार्श्वभाग फरफटवायचा नाही, थोडा थोडा उचलत न्यायचा. हे थेरपिस्टसमोर पक्कं झाल्याशिवाय घरी एकट्याने नको.

खुर्ची दानात मिळाली म्हणून घेऊ नका. हॉस्पिटलातल्या रुंद घडीच्या खुर्चीत माणूस वाकडा बसतो आणि चाकापर्यंत हात नीट पोहोचत नाहीत. बैठक कमरेपेक्षा फार तर एक-दीड इंच रुंद, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा, खुर्चीचे हात काढता येणारे. आयआयटी मद्रासमधून निघालेली निओमोशन कंपनी मापाप्रमाणे खुर्ची बनवते आणि तिला पुढून जोडायचं मोटरचं चाकही देते. तुमच्या चढउताराच्या रस्त्यांना ते कामाचं. सरकारी साहित्य अॅलिम्को या केंद्र सरकारच्या कंपनीच्या शिबिरांत मिळतं, पण त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र लागतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि जिल्हा रुग्णालयात तपासणीला जा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व धरलं गेलं की एसटीची ७५ टक्के सवलत, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज वगैरे पुढच्या वाटा उघडतात.

माणूस ठेवावा का, हे तुम्ही विचारलंत. ठेवा, आईची कमर जाण्यापेक्षा बरं. पण पहिल्या दिवशी त्याच्या कामांची यादी करा आणि दर पंधरवड्याला तीतलं एक काम भावाकडे द्या. जेवण, दाढी, दात घासणं ही कामं यादीत येताच कामा नयेत. हे लिहावं लागतं, कारण धडधाकट हातांच्या मुलांना भरवणाऱ्या आया मी दर महिन्याला बघतो. आईला वाईट वाटेल, 'एवढंही करू देत नाही' म्हणेल. तिला दुसरं काम द्या. लघवीच्या मापांची वही तिने ठेवावी. तेवढंच, आणि तेही सुरुवातीचे दोन-तीन महिने.

तो गप्प असेल. कदाचित तुमच्यावर ओरडेल, किंवा 'त्यापेक्षा तिथेच गेलो असतो तर' म्हणेल. तसं म्हणाला तर विषय बदलू नका. सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्याने कल्पना डोक्यात जात नाही, उलट बोलायला जागा मिळते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पण त्याहून मोठा उपयोग त्याच्यासारख्या दुसऱ्या माणसाला भेटण्याचा होतो. मी दहा वेळा सांगितलेली गोष्ट खुर्चीवरच्या माणसाने एकदा करून दाखवली की पटते. मुंबईत नीना फाउंडेशन मज्जारज्जूच्या रुग्णांसाठीच काम करते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक तरुणपणीच पॅराप्लेजिक झाल्या, म्हणजे त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले, आणि १९८४ मध्ये त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. संस्थेचा सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा प्रकल्प आहे. एकदा जाऊन या.

कामाचंही लवकर काढा, बरं होण्याची वाट पाहू नका. बाग चालवणाऱ्याचं सगळं काम झाडावर नसतं. कोय कलमं पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला बांधतात. टेबलाशी बसून, धारदार चाकूने, चांगल्या हाताने. त्याला ते येत असेल तर ब्रेस निघण्याच्या सुमारास पहिली पन्नास रोपं त्याच्यापुढे ठेवा, दर पंधरा-वीस मिनिटांचं पुढे वाकणं न चुकवता. नसेल येत तर शिकेल, दापोलीचं कृषी विद्यापीठ जवळच आहे. पेट्यांचा हिशेब, ग्राहकांचे फोन, मुंबईची पार्सलं ही कामं तर अंथरुणावरूनही होतात. खुर्चीवर यायची वाट कशाला बघायची?

शेवटचं एक, जे तुम्ही विचारलं नाहीत आणि बहीण म्हणून विचारणारही नाही. लग्न, शरीरसंबंध, मूल. या दुखापतीत ताठरपणा आणि वीर्यपतन बिघडतं, पण दोन्हींवर उपाय आहेत. गोळ्या आहेत, मात्र त्या डॉक्टरांनी दिल्यावरच घ्यायच्या, हृदयाच्या नायट्रेट औषधांबरोबर त्या जीवघेण्या ठरतात. मूल होण्यासाठी वीर्य मिळवायच्या पद्धतीही आहेत. बाप झालेले माझे रुग्ण आहेत. हा प्रश्न त्याच्या मनात आजच आहे, फक्त तुमच्यासमोर तो तोंडातून निघणार नाही. पुढच्या तपासणीला युरोलॉजिस्टकडे गेलात की "आम्ही बाहेर बसतो, तुम्ही बोला" म्हणा, आणि दार ओढून घ्या.